आयकिडोची क्यू परीक्षा: दारातल्या चपलांपासून हाकामाच्या घडीपर्यंत

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या वर्गात पहिला प्रश्न येतो, "ताई, परीक्षा कधी?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस आम्ही पंधरा-वीस जण आयकिडो ही जपानी युद्धकला शिकतो. परीक्षक बाहेरगावहून येतात. एकदा तारीख ठरली की सगळ्यांची धावपळ सुरू होते, आणि या धावपळीत दरवेळी एकच गोष्ट दिसते. जो तो तंत्रांची यादी घोकतो आणि रीतभात 'आदल्या दिवशी बघू' म्हणून बाजूला ठेवतो. मग परीक्षेत नमस्कार घाईत उरकला जातो, जोडीदारापासूनचं अंतर चुकतं आणि पहिलाच हल्ला एक तर पोचत नाही किंवा थेट अंगावर येतो. आयकिडोत नमस्कारही अंतर मोजूनच करायचा असतो, त्यामुळे रीत आणि तंत्र अशी दोन वेगळी खाती मी मांडणार नाही. तयारी ज्या क्रमाने करावी असं मला वाटतं, त्याच क्रमाने लिहिते.

आधी दिवस मोजा

आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९). त्यांना सगळे ओसेन्सेई म्हणतात. त्यांच्या परंपरेची मुख्य संस्था आयकिकाई, आणि तिचा मुख्य डोजो, म्हणजे सरावाची जागा, टोकियोत शिंजुकू भागात आहे. या परंपरेत स्पर्धा नसतात, पदकं नसतात. तुमची प्रगती बघण्याची जागा म्हणजे रोजचा सराव आणि अधूनमधून होणारी ही परीक्षा. मोठ्यांसाठी क्यू, म्हणजे शिकण्याच्या पायऱ्या, पाचपासून एककडे उतरत जातात, त्यानंतर शोदान, म्हणजे पहिला दान.

मुख्य डोजोच्या नियमांप्रमाणे पाचव्या क्यूसाठी किमान ३० दिवसांचा सराव लागतो, चौथ्यासाठी त्यानंतर आणखी ४०, तिसऱ्या आणि दुसऱ्यासाठी प्रत्येकी ५०, पहिल्यासाठी ६० आणि शोदानसाठी ७०. हे कॅलेंडरचे दिवस नव्हेत. मॅटवर उतरून घाम गाळलेले दिवस मोजायचे. आठवड्याला तीन दिवस धरले तर पाचव्या क्यूचे ३० दिवस म्हणजे सलग दहा आठवडे. त्यात गणपती, लग्नसराई, मुलांच्या शाळेच्या परीक्षा आणि आपला पाऊस धरा, की चार-पाच महिने होतात. काही डोजो यापेक्षा जास्त दिवस मागतात, काहींच्या क्यू जास्त असतात, काही ठिकाणी रंगीत पट्टे असतात. आपल्या डोजोचा नियम विचारून घ्या आणि एका वहीत हजेरीची तारीख स्वतः लिहा. पुरेसे दिवस भरले म्हणून "मला बसवा" असं आपण होऊन म्हणायची मात्र पद्धत नाही. सेन्सेई, म्हणजे आपले शिक्षक, सांगतात तेव्हा अर्ज भरायचा. शंका असेल तर सराव संपल्यावर, मॅटच्या कडेला, "माझं कुठे कमी पडतंय?" एवढंच विचारावं. त्या उत्तरातच परीक्षेचाही अंदाज येतो.

कोल्हापुरासाठी एक वेगळी सूचना. परीक्षक बाहेरून येणार असतील तर जुलै-ऑगस्टची तारीख घेऊ नका. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. पूर नसला तरी त्या दिवसांत मॅटना ओल धरते, ग्यी, म्हणजे सरावाचा पोशाख, वाळत नाही आणि दमट मॅटवर पाय सटकतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

यादी डोळ्यांनी नाही, कानांनी पाठ करा

पाचव्या क्यूची यादी छोटी आहे: शोमेनउची इक्क्यो, शोमेनउची इरिमी नागे, काताते दोरी शिहोनागे, रिओते दोरी तेंचि नागे आणि बसून केलेलं कोक्यु हो. पाचच गोष्टी. पण परीक्षेत ही यादी कागदावर समोर नसते. परीक्षक जपानीत नाव पुकारतात, आणि तुम्हाला एका श्वासात हलायचं असतं.

नावाचे तुकडे पाडले की सोपं जातं. पहिला तुकडा हल्ल्याचा: शोमेनउची म्हणजे डोक्यावर समोरून वार, योकोमेनउची म्हणजे डोक्याच्या बाजूवर वार, काताते दोरी म्हणजे एका हाताने मनगट धरणं. दुसरा तुकडा तंत्राचा: शिहोनागे म्हणजे चार दिशांची फेक, तेंचि म्हणजे आकाश आणि पृथ्वी, कोते गाएशी म्हणजे मनगट उलटवणं. तिसरा तुकडा दिशेचा: ओमोते म्हणजे समोरून, उरा म्हणजे मागून वळून. त्याआधी कधी सुवारी वाझा, म्हणजे दोघंही गुडघ्यांवर, तर कधी हानमी हांदाची, म्हणजे आपण गुडघ्यांवर आणि हल्ला करणारा उभा, असं पुकारतात. 'मिगी' उजवं, 'हिदारी' डावं. 'हाजिमे' सुरू करा, 'सोरे मादे' पुरे, थांबा.

माझ्या चौथ्या क्यूच्या परीक्षेत 'मोरोते दोरी' पुकारलं आणि मी 'रिओते दोरी' ऐकलं. दोन्हींत उके, म्हणजे हल्ला करणारा, आपले दोन्ही हात वापरतो. पण रिओतेत तो आपली दोन्ही मनगटं धरतो, मोरोतेत आपला एकच हात दोन हातांनी पकडतो. मी दोन्ही हात पुढे करून उभी राहिले, माझ्या उकेने बरोबर ऐकून एकच हात दोन्ही हातांनी धरला, आणि माझं डोकं क्षणभर रिकामं झालं. तेव्हापासून मी सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला लावते: "मोउ इचिदो ओनेगाइशिमास", म्हणजे कृपया पुन्हा एकदा सांगा. ते विचारण्यात कमीपणा नाही. अंदाजाने भलतंच तंत्र करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

घरी सरावासाठी मी यादी माझ्या लेकीच्या हातात देते. ती सहावीत आहे. मी भाकऱ्या थापत असताना ती कुठलंही नाव पुकारते आणि मी पिठाच्या हातांनीच पहिलं पाऊल टाकून दाखवते. फक्त पहिलं पाऊल. पहिलं पाऊल बरोबर पडलं की पुढचं तंत्र शरीराला आठवतं. असं दोन आठवडे रोज दहा मिनिटं करा.

आधी पडायला शिका, मग पाडायला

ही पायरी कोल्हापूरकरांना सगळ्यात अवघड जाते, म्हणून इथे जरा जास्त थांबते. आपल्याकडे घरटी कोणीतरी तालमीत जाऊन आलेलं असतं. माझे आप्पा तरुणपणी तालमीत जोर-बैठका मारायचे, आणि लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून खासबागेत कुस्त्या बघितल्या. कुस्तीचा पहिला धडा काय? पाठ टेकली की कुस्ती गेली. हे आपल्या हाडात इतकं मुरलेलं असतं की आयकिडोच्या मॅटवर उके म्हणून उभं राहिल्यावर शरीर आपोआप पाठ वाचवतं, हात टेकवून अडतं, कंबर ताठ धरतं. आमच्याकडे आलेले दोन तगडे पैलवान पोरगे ताकदीत कुणाला ऐकत नव्हते, पण पहिले तीन महिने मनगटं दुखवून घेत होते. पाडताना ते चांगले होते. पडताना अडायचे, तिथेच दुखापत व्हायची.

उकेमी, म्हणजे नीट पडणं, हे हरणं नव्हे. जोडीदाराच्या तंत्राला शरीराने दिलेलं ते उत्तर आहे, आणि पुढच्या हल्ल्यासाठी पुन्हा उभं राहण्याची सोयही. मागे पडताना हनुवटी छातीला लावा, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवा, एक पाय दुमडून कंबर टाचेजवळ खाली न्या आणि मग पाठ गोल करून लोळा. पुढे लोळताना हाताच्या करंगळीच्या कडेपासून सुरुवात होते. तिथून पुढचा हात, खांद्याची मागची बाजू, आणि पाठीवरून तिरकं विरुद्ध कंबरेपर्यंत. मान आणि पाठीचा कणा मॅटला थेट लागू द्यायचा नाही. लोळताना आवाज जितका कमी, तितकं लोळणं चांगलं. स्वतःच्या लोळण्याचा आवाज ऐकत चला, सुधारणा तिथेच कळते.

परीक्षेच्या दोन महिने आधीपासून दर सरावाला दोन्ही बाजूंनी वीस-वीस उकेमी करा, तीही तंत्रांच्या आधी. थकलेल्या अंगाने तंत्र करायची सवय लागते, आणि परीक्षेत अंग थकलेलंच असतं. दुसऱ्याच्या परीक्षेत उके व्हायची संधी आली तर सोडू नका. मी माझ्या तिसऱ्या क्यूच्या आधी चार जणांच्या परीक्षेत पडले, आणि त्या चार वेळांत माझी निम्मी तयारी झाली.

चांगला उके कसा? खरा हल्ला करतो, ठरलेल्या रेषेत करतो, नंतर मुद्दाम अडत नाही आणि तंत्र लागण्याआधी स्वतःहून उडीही मारत नाही. परीक्षक हे बारकाईने बघतात. उके म्हणून जो बेफिकीर असतो त्याचं स्वतःचं तंत्रही बेफिकीर निघतं, असा माझा अनुभव आहे.

एक तंत्र जवळून: काताते दोरी शिहोनागे ओमोते

सगळी तंत्रं इथे लिहिणं शक्य नाही. पण एक नीट बघितलं तर बाकीचं कसं तपासायचं ते कळेल.

उके उजव्या हाताने माझं डावं मनगट धरतो. माझा डावा पाय पुढे, त्याचा उजवा. धरल्याबरोबर मी हात ओढत नाही. बोटं ताणून हात जरा पुढे देते, त्यामुळे त्याचा तोल त्याच्या बोटांवर येतो. उजव्या हाताने त्याचं मनगट घेते आणि उजवा पाय त्याच्या समोरून पलीकडे टाकते. आता दोन्ही हात तलवार उचलावी तसे माझ्या कपाळासमोर येतात. इथे बहुतेकांचं चुकतं. हात कपाळासमोरून सुटून कानामागे जातात, मग वळताना आपण स्वतःच वाकतो आणि उकेचा हात त्याच्या अंगापासून लांब फाकतो. त्याचा खांदा नि कोपर धोक्यात येतात आणि पडताना डोकं मागे आपटू शकतं. हात कपाळासमोर ठेवून मी कंबर वळवते. त्याचा हात त्याच्याच खांद्याजवळ दुमडतो, आणि मग सरळ खाली कापावं तशी त्याला त्याच्या खांद्याच्या रेषेत खाली नेते. तो पडेपर्यंत मनगट सोडायचं नाही आणि पडल्यावर नजर हटवायची नाही. तंत्र संपल्यावरही टिकलेल्या या सावधपणाला झानशिन म्हणतात.

आता स्वतःला तपासा. वळताना आरशात कपाळासमोर हात दिसतात का? उके पडल्यावर त्याचं कोपर त्याच्या कानाजवळ आहे का? मी सरळ उभी आहे का? तीन प्रश्न पुरे. असे तीन-तीन प्रश्न प्रत्येक तंत्रासाठी वहीत लिहा.

गुडघे

सेइझा म्हणजे आपलं वज्रासन. जेवणानंतर पाच मिनिटं बसायची सवय असेल तर अर्धं काम झालंच. नसेल तर रोज सतरंजीवर बसून हळूहळू वेळ वाढवा. शिक्को, म्हणजे गुडघ्यांवर चालणं, उघड्या फरशीवर कधीही करू नका. टाचा एकमेकींजवळ ठेवून कंबरेने वळायचं, गुडघे आपटायचे नाहीत. गुडघ्याच्या आत कळ आली तर थांबा आणि सेन्सेईंना सांगा. जुनी दुखापत असेल तर ती परीक्षेच्या आधी सांगायची, मॅटवर बसल्यावर नाही.

रीतभात

मॅटवरची बरीचशी रीत आपल्याला नवी नाही. देवघराकडे पाय करून बसू नये हे आजीने सांगितलेलं असतं. डोजोत शोमेनकडे, जिथे संस्थापकांचं छायाचित्र असतं, पाय पसरून बसत नाहीत. जमिनीवर ठेवलेली वस्तू ओलांडू नये हेही तसंच: बोक्केन (लाकडी तलवार) किंवा 'जो' (लाकडी काठी) मॅटवर असेल तर वळसा घालून जायचं. खंडेनवमीला शस्त्रं पुजणाऱ्या घरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. तालमीत पोरगा आधी मातीला हात लावून कपाळाला लावतो, मग जोडीला भिडतो. इथे मॅटवर चढताना शोमेनला वाकून नमस्कार. हा आदराचा नमस्कार आहे, पूजा नव्हे. आमच्याकडे सगळ्या धर्मांचे लोक तो करतात.

काही गोष्टी मात्र आपल्या सवयीपेक्षा वेगळ्या आहेत. मॅटवर शड्डू ठोकत नाहीत. मोठ्यांच्या पायाला हात लावत नाहीत, तिथे रेई, म्हणजे वाकून केलेला नमस्कार, पुरते. परीक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा असेल तर तो परीक्षा संपल्यावर, मॅटच्या बाहेर. चपला दारात अस्ताव्यस्त सोडायच्या नाहीत. टाचा मॅटकडे आणि बोटं बाहेर, अशा ओळीत लावायच्या, म्हणजे निघताना सरळ पाय घालता येतो. कोल्हापुरी चपलांची ती नीट ओळ बघूनच त्या दिवशीचा सराव कसा होणार ते मला कळतं.

उशीर झाला तर मॅटच्या कडेला सेइझात बसून राहा. सेन्सेईंनी खूण केली की आत या. मधेच बाहेर जायचं असेल तर सांगून जा. सराव सुरू करताना "ओनेगाइशिमास", संपल्यावर "दोमो आरिगातो गोझाइमाशिता". शेवटच्या 'सु'मधला 'उ' जवळजवळ ऐकू येत नाही, 'ओनेगाइशिमास' असंच म्हणा. जोडीदाराला शिकवत बसू नका, विशेषतः तो नवीन असेल तेव्हा. दोघांच्या चुका दुरुस्त करणं हे सेन्सेईंचं काम आहे.

आता त्या अंतराबद्दल. बसून नमस्कार करताना दोघांची डोकी एकमेकांवर आदळणार नाहीत, पण दोघं एकमेकांपासून तुटलेलेही वाटणार नाहीत, इतकं अंतर ठेवायचं. वाकताना आधी डावा हात, मग उजवा, आणि उठताना उलट. बसताना डावा गुडघा आधी टेकतो, उठताना उजवा पाय आधी निघतो. कमरेला डाव्या बाजूला तलवार असायची, त्या काळापासून हा क्रम आला. उठल्यावर दोघं माआईत येतात, म्हणजे एका पावलात हल्ला पोचेल एवढ्याच अंतरावर. नमस्काराचं अंतर नीट असेल तर हे एका पावलाचं काम आहे. नमस्कार घाईत झाला की मॅटवर इकडेतिकडे सरकत जागा शोधावी लागते, आणि परीक्षकांना ते लगेच दिसतं.

शेवटचा आठवडा

नवीन काही शिकू नका. दोन पूर्ण नकली परीक्षा घ्या, एखाद्या वरिष्ठाला नावं पुकारायला सांगा. नखं कापा, पायांचीसुद्धा. ग्यी दोन दिवस आधी धुऊन वाळवा. बाह्या दुमडायच्या नाहीत. डावी बाजू उजवीवर येते. उजवी वर घेऊन नेसवलेला पोशाख जपानमध्ये मृताचा असतो, म्हणून ही चूक होऊ देऊ नका. कडं, ताईत, कानातले काढा. मी मंगळसूत्र घरून निघतानाच देवघरात ठेवते. हॉलमध्ये काढून पर्समध्ये टाकलं की अर्धं लक्ष पर्सकडे राहतं. केसांना धातूची पिन नको, रबर बांधा.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा बाजूला ठेवा. वरण-भात, लवकर झोप. सकाळची परीक्षा असेल तर दीड-दोन तास आधी हलकं खा. परीक्षेचं शुल्क पाकिटात घालून, नाव लिहून, आधीच द्या. घरचे बघायला येणार असतील तर त्यांना सांगून ठेवा: खासबागेसारख्या शिट्ट्या आणि हलगी इथे चालत नाही, मधेच टाळ्याही नाहीत, आणि फोनचा आवाज बंद.

मॅटवर

नाव पुकारलं की मोठ्याने "हाई" म्हणा आणि पुढे या. उकेसोबत सेइझात बसा. आधी शोमेनला नमस्कार, मग परीक्षकांकडे वळून, मग एकमेकांना. 'हाजिमे' झालं की सांगितलेलं तंत्र उजवं-डावं, ओमोते-उरा करत राहा. पुढचं नाव येईपर्यंत थांबायचं नाही. ग्यी सुटला तर 'सोरे मादे' झाल्यावर परीक्षकांकडे पाठ करून नीट करा. श्वास लागला तर तंत्राची गती कमी करा, रेषा बिघडवू नका. वेगापेक्षा तोल बघितला जातो, मी दोन्ही बाजूंनी बसून हे अनुभवलं आहे. चूक झाली तर चेहरा पाडू नका, तोंडाने 'च्' करू नका. तंत्र पूर्ण करा आणि पुढचं नीट करा. संपल्यावर नमस्कार उलट्या क्रमाने: एकमेकांना, परीक्षकांना, शोमेनला.

नंतर

निकालावर तिथे चर्चा करायची नाही. परीक्षकांनी काही सांगितलं तर ते त्याच संध्याकाळी वहीत उतरवा, दुसऱ्या दिवशी शब्द निसटतात. उकेला वेगळं भेटून आभार माना. त्याचं मनगट लाल झालेलं असतं, ते बघा आणि विचारा. क्यू मिळाली नाही तर पुढच्याच सरावाला या. पंधरा दिवसांनी आलात तर दुप्पट जड जातं.

परीक्षकांचा हाकामा, म्हणजे ग्यीवर नेसायचं चुण्यांचं घोळदार वस्त्र, घडी करायला मिळाला तर तो मान समजा. आधी दोन चुण्यांची मागची बाजू सरळ करा, मग उलटून पुढच्या पाच चुण्या एकेक करून बोटांनी बसवा. लांब पट्ट्या शेवटी दुमडून वर गुंफा. घाई केली की एखादी चुणी आत वाकडी राहते आणि पुढच्या वेळी उलगडल्यावरच दिसते. आमच्याकडे हे काम दोघं मिळून करतात, तोवर बाकीचे मॅट पुसून उभ्या करतात, आणि सगळ्यात शेवटी निघणारा दारातली एखादी उलटी पडलेली चपल सरळ करतो.